घरी येऊन बघा

डॉक्टर म्हणाले, ट्रेनिंग घ्यावं लागेल. मी लगेच पर्समधून मोबाइल काढला आणि विचारलं, कुठल्या वारी आणू पोरीला? तर ते म्हणाले, "तिला आणाच, पण ट्रेनिंग तुमचं आहे."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. कारण मी शिक्षिका आहे. बारामतीहून जाऊन-येऊन कळंबच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेते. पोरांच्या आया माझ्यापुढं पदर सावरत उभ्या राहतात आणि मी त्यांना ऐकवते, घरी जरा लक्ष द्या, जवळ बसवून घ्या, मोबाइल हातात देऊ नका. आणि माझी स्वतःची पोरगी बारामतीच्या शाळेत मोठ्या गटात असताना बाकावरून उठून खिडकीत चढायची, शेजारणीचा डबा उघडायची, रांगेत तर कधी सापडायचीच नाही. तिच्या बाई मला गेटवर थांबवून सांगायच्या, घरी जरा लक्ष द्या. अगदी माझ्याच सुरात सांगायच्या. मी मान डोलवायची आणि पोरीचं मनगट आवळून स्कूटीकडं चालू लागायची.

पोरगी वाईट नव्हती हो. दुसऱ्या पोरानं रडायला सुरुवात केली की सगळ्यात आधी हीच धावायची. पण धावताना वाटेतल्या दोघांना पाडायची. एक चप्पल घालून झाली की दुसरी घालायच्या आधी तिला मुंगळा दिसायचा, मुंगळ्याच्या मागं ती जिन्यात जायची आणि जिन्यात काही तिसरंच. मी हाक मारमारून घसा बसवून घ्यायची आणि शेवटी एक धपाटा घालायची. ह्यांची एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी. हे म्हणायचे, लहानपणी मीपण असाच होतो. पळसदेवला सासूबाई म्हणायच्या, पोर हाय, बागडंल न्हाय तर काय करंल. त्या दोघांना कधी लाज वाटली नाही. सगळी लाज माझ्याच वाट्याला आली होती. लग्नाला गेलं तर मी दाराजवळची खुर्ची धरायची, म्हणजे पळ काढायला बरं. पुढं पुढं तर तिला सर्दी झालीय म्हणून कार्यक्रम टाळायला लागले.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. हिचं लक्ष टिकत नाही, अंग थांबत नाही, हा खोडसाळपणा नाही आणि तुमची चूकही नाही. एवढ्या लहान वयात आधी वागणुकीची उपचारपद्धती करतात आणि ती आईवडिलांच्या हातून करतात, कारण पोर दिवसभर त्यांच्याजवळ असतं. हे सगळं ते चांगलं सांगत होते. मला मात्र "ट्रेनिंग तुमचं" एवढंच ऐकू आलं.

शिकवणारी समुपदेशक मॅडम माझ्यापेक्षा कितीतरी लहान, लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. ही मला काय शिकवणार, असं मनात म्हणतच मी सतरंजीवर बसले. तिनं पोरीपुढं रंगीत ठोकळे ठेवले आणि मला सांगितलं, ती खेळेल, तुम्ही तिच्या मागं मागं जायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, हुकूम सोडायचा नाही, चूक काढायची नाही. ती काय करते ते बोलायचं आणि चांगलं केलं की लगेच, नेमकं काय चांगलं केलं ते सांगून कौतुक करायचं. हात्तिच्या, एवढंच ना, असं मला वाटलं. आणि सुरू झाले, हा कुठला रंग? मोठा कुठला? मांडी घालून बस. तो खाली ठेव आधी. मॅडम कोपऱ्यातून म्हणाली, ताई, तुम्ही परीक्षा घेताय. मला इतका राग आला की पुढचा वेळ मी तोंड मिटूनच बसले. त्या मिटलेल्या तोंडापुढं पोरगी मात्र कधी नव्हे ती बराच वेळ एका जागी खेळली. हे मी मॅडमसमोर कबूल केलं नाही.

हळूहळू जमायला लागलं. एका वेळी एकच सूचना द्यायची, तीही स्वयंपाकघरातून ओरडून नाही, तिच्याजवळ जाऊन, तिच्या डोळ्यांत बघून. बारीकसारीक चुळबुळीकडं काणाडोळा करायचा. चांगल्या गोष्टीचं बक्षीस तिथल्या तिथं. त्यासाठी मी टिकल्या काढल्या. कपाटाच्या आरशावर एरवी माझ्या उतरवलेल्या टिकल्या असतात, त्याच्या खालची जागा तिला दिली. चप्पल जागेवर ठेवली की टिकली, ताट संपेपर्यंत बसली की टिकली. रंग तिनं निवडायचा, चिकटवायची तिनंच. मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, कमावलेलं कधी काढून घ्यायचं नाही. आरसा भरत चालला आणि एक दिवस शाळेच्या बाईंनी गेटवर थांबवून सांगितलं की आज गोष्ट संपेपर्यंत बसली होती. मी स्कूटी लावलेली सोडून भलत्याच दिशेला चालत गेले.

पण कौतुक करायला माझी जीभ वळायची नाही. आमच्याकडं पोराचं तोंडावर कौतुक करत नाहीत. पोर शेफारतं म्हणतात. शिवाय दृष्टबिष्ट आपण मानत नाही, असं सासूबाई ठणकावून सांगतात आणि सांगता सांगता नातीच्या कानशिलावरून बोटं फिरवून कडाकडा मोडतात. म्हणून मी काय करायची, तर खिडकी लावून घ्यायची आणि मग म्हणायची, शाब्बास, तू न सांगता दप्तर उचललंस. शेजारणीनं ऐकलं तर म्हणेल, ह्या बाईला काय खूळ लागलं. खिडकीच्या आत मी ट्रेनिंगमधली आई होते आणि दाराच्या बाहेर पाऊल टाकलं की आमच्या रीतीतली. जिन्यात शेजारीण म्हणायची, आज शहाणी दिसतीय की पोरगी. मी हसून म्हणायची, कसलं काय, घरी येऊन बघा. हे वाक्य तोंडात बसलेलं होतं. कुणी साडी छान म्हटलं की जुनीच आहे म्हणतो, तसंच हे, त्यात विचार करायचा प्रश्नच नव्हता.

मे महिन्यात पळसदेवला दिरांच्या नव्या घराचा गृहप्रवेश होता, बुद्धवंदना आणि मग जेवण. टाळता येण्यासारखं नव्हतं. मॅडम म्हणाली, टाळू नका, तयारी करून न्या. मग आम्ही घरी रोज वंदना-वंदना खेळलो. पांढरा फ्रॉक घालायचा, सतरंजीवर बसायचं, हात जोडायचे, हात दुखले की मांडीवर ठेवायचे, उठावंसं वाटलं तर फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळायचं. आणि शेवटपर्यंत बसलीस तर कपाळाला लाल चमकीची टिकली आणि संध्याकाळी पाण्यावर जाऊन देऊळ बघायचं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुनं देऊळ उघडं पडतं आणि तिथपर्यंत चालत जाता येतं. ती महिनाभर त्या देवळाविषयीच बोलत होती.

आणि ती बसली. मांडव पांढऱ्या साड्यांनी गच्च भरलेला, उकाडा असा की मोठी माणसं पत्रिकेनं वारा घेत होती, आणि माझी पोरगी पंचशील होईपर्यंत बसली, त्यानंतरच्या भाषणालाही बसली. एकदा उठली, माझ्याकडं बघितलं, फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आपली आपण खाली बसली. ओठ हलत होते तिचे. शेवटी सगळ्यांबरोबर "साधू, साधू, साधू" म्हणाली ते जरा मोठ्यानंच. पदराखालून मी तिला अंगठा दाखवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी वाकून सतरंजीची घडी सारखी करत बसले.

जेवणाच्या आधी चुलतसासूबाई जवळ आल्या. त्यांचं बोलणं सगळ्या मांडवाला ऐकू जातं. म्हणाल्या, "सूनबाई, पोर लई गुमान बसली की गं. आमी तर ऐकलं व्हतं, लई वांड हाय म्हणून."

आमी ऐकलं व्हतं. म्हणजे आमच्या घरचं सगळं गावाला माहीत होतं, माझ्या पोरीवर चुलीपुढं बोलणी झाली होती. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. आणि त्या लाजेतून बाहेर पडायला जे तयार होतं तेच तोंडातून गेलं. "कसलं गुमान, आत्याबाई! आज काय झालंय कुणास ठाऊक. घरी येऊन बघा, नुसता उच्छाद असतो." बायका हसल्या. सगळ्यात जास्त मी हसले. माझ्या पदराचं टोक पोरीच्या मुठीत होतं. तिनं ते सोडलं, हे मला कळलं होतं. मी खाली बघितलं नाही.

त्यानंतर थोड्याच वेळात तिनं मांडवाच्या कनातीला लोंबकळून ती दोरीसकट खाली आणली. खिरीच्या पातेल्यावर पडता पडता राहिली. आणि इथं मला जे सांगायचं आहे ते सांगायला अजून जीभ अडखळते. मला राग यायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. मी चारचौघांत म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं? स्वतःच्या पोरीवर डाव जिंकल्यासारखी मी तिथं उभी होते. मग तिला ओढत आत नेलं आणि सांगितलं, आता देऊळबिऊळ काही नाही.

ती रडली नाही. परत येताना भिगवणपर्यंत गाडीच्या काचेला नाक लावून बसली होती. चमकीची टिकली तिनं मागितली नाही. मी समजले, विसरली असेल, हिच्या काय लक्षात राहतं!

पुढच्या वेळी मॅडमकडं गेलो. पोरीनं दाराबाहेर चपला जोडीनं ठेवल्या. मॅडम म्हणाली, अगं वा, तू चपला किती नीट लावल्यास. तर माझ्या पाच वर्षांच्या पोरीनं नसलेला पदर खांद्यावर सारखा केला, मान तिरकी केली आणि हसली. ते हसणं माझं होतं. म्हणाली, "कसलं काय, मॅडम! घरी येऊन बघा, नुसता उच्छाद असतो."

मी हसले, सवयीनं. मॅडम हसली नाही. तिनं ठोकळे पुढं सरकवत सहज विचारलं, घरी काय असतं गं? पोरगी ठोकळे लावता लावता म्हणाली, घरी मी वाईट असते, मम्मी सांगती ना सगळ्यांना. मॅडमनी विचारलं, आणि मम्मी घरी शाब्बास म्हणते, टिकली देते, ते?

"ते खरं नसतं," पोरगी म्हणाली. "ते ट्रेनिंगचं असतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. रंग सांगावा तसं तिनं सांगितलं. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखी झाले. घराच्या आत, खिडकी लावून, हळू आवाजात सांगितलेलं खोटं असणार आणि चारचौघांत मोठ्यानं सांगितलेलं खरं असणार, हा हिशेब त्या एवढ्याशा डोक्यानं बरोबर मांडला होता. महिनोन् महिने चिकटवलेल्या आरसाभर टिकल्या मी एका वाक्यानं काढून घेतल्या होत्या. आता तिला कुणी कितीही चांगलं म्हटलं तरी त्यावर द्यायचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं आणि ते मीच तिला पाठ करून दिलं होतं.

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाली, जिथं बोललात तिथंच उलट बोलावं लागेल, त्याच माणसांसमोर. मी हुज्जत घातली. म्हटलं, आमच्याकडं असं बोलत नाहीत, लोक हसतील, म्हणतील बाई स्वतःच्या पोरीचे ढोल वाजवते. मॅडम म्हणाली, हो, हसतील कदाचित. 

माझे वडील, आमचे दादा, मला आठवले. मी डीएडला पहिल्या वर्गात आले तेव्हा माहेरी डाळजला आमच्या दारात शेजारी विचारायला आले होते. दादा म्हणाले, कसलं काय, ढकलत ढकलत निघाली एकदाची. आणि लगोलग सायकलवर टांग मारून पेढे आणायला भिगवणला गेले. त्यांच्या पाठीवरून मला कळलं होतं की माणूस आनंदानं फुटायला आलाय. मला असं बोलण्यामागचं वाचता यायचं, म्हणून मी वाढले. माझ्या पोरीला ते वाचता येत नाही. एवढ्या गर्दीतून ती एकच गोष्ट धरून ठेवू शकते, आणि जे मोठ्यानं बोललं जातं ते ती धरते. हे मला मास्तरीण असून कळलं नव्हतं.

सुधारायला मी जिन्यातून सुरुवात केली. शेजारीण म्हणाली, आज लवकर तयार झाली वाटतं. माझ्या तोंडून "कसलं" बाहेर पडलं, तिथं मी जीभ चावली, आणि पुढं काय म्हणावं ते सुचेना म्हणून नुसतं "हो" म्हणून चार-चार पायऱ्या उतरत पळाले. नंतर कधी जमायचं, कधी पुन्हा तेच निघून जायचं. पोरगी दरवेळी माझ्या तोंडाकडं बघायची. तिच्या शाळेत पहिलीच्या बाईंनी एकदा सगळ्या वर्गासमोर तिला चांगलं म्हटलं तर तिनं काय उत्तर दिलं, ते बाईंनी मला हसत हसत सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि घरी येऊन नळ सोडून रडले.

आश्विनात पळसदेवच्या विहारात वर्षावासाची समाप्ती होती. पावसाळाभर रोज संध्याकाळी तिथं ग्रंथ वाचतात आणि शेवटच्या दिवशी सगळ्या गावाला खीर देतात. खीर सासूबाई ढवळत होत्या. धरण भरलेलं, देऊळ केव्हाच पाण्याखाली गेलं होतं. तिथून जाताना पोरीनं पाण्याकडं बघितलं आणि मी दुसरीकडं बघितलं.

या वेळी ती काही शेवटपर्यंत बसली नाही. वाचन लांबलं, ती उठली, बाहेर गेली, दाराशी पडलेल्या चपलांच्या जोड्या लावत बसली. मी उठले नाही. ओठ दाबून बसून राहिले. थोड्या वेळानं ती आपणहून आत आली, पायांतून वाट काढत माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं हात जोडले.

खिरीच्या वेळी चुलतसासूबाई आल्याच. म्हणाल्या, "आज बी बरी बसली की गं पोर."

त्याच बायका होत्या. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. हसायला तयारच होत्या, कारण पुढं काय येतं ते त्यांना माहीत होतं.  वर्गात घसा फोडून बोलणारी मी, पण तिथं माझा आवाज कापत होता.

"हो आत्याबाई, बसली," मी म्हणाले. "मधी उठली, पण कुणी न सांगता परत आली. तिला लई अवघड जातं बसायला, तरी बसली. मला फार बरं वाटलं."

कुणी हसलं नाही. ते जास्त अवघड होतं. चुलतसासूबाई "असं व्हय" म्हणाल्या आणि वाटी घेऊन पुढं सरकल्या. सासूबाईंचा डाव पातेल्यात तसाच थांबला. आणि मला, अजूनही, लाज वाटली. पोरीचं चांगलं बोलल्याची लाज. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

पोरगी खिरीची वाटी दोन्ही हातांत धरून माझ्याकडं बघत उभी होती. ती थांबली होती. मला वाटलं, जवळ येईल, बिलगेल. ती आणखी थोडा वेळ थांबली. मग माझा पदर ओढून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, गॅदरिंगला कविता विसरलेल्या पोराला मी बाजूनं सांगते ना, तसं तिनं मला सांगितलं,

"मम्मी, पुढचं राह्यलं."

"पुढचं काय?"

"घरी येऊन बघा."

 मी खाली बसले, तिच्या डोळ्यांसमोर डोळे आणले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढचं काही नाही. एवढंच आहे."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग वळून चुलतसासूबाईंकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. "बरं," ती म्हणाली आणि खीर खायला लागली. खाता खाता मधूनच मान वर करून ती माझ्या ओठांकडं बघत होती.